अक्षरांशी बोलताना : जाड सेरिफचं घराणं

गेल्या अंकात मी पुस्तकाच्या मजकुरासाठी वापरायच्या साध्या रोमन वळणांबद्दल, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या सरळ उभ्या धाटणींबद्दल, लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त प्रश्न ठळक वळणांचे निघाले, आणि त्यातही एका वळणाचं नाव पुन्हा पुन्हा आलं. म्हणून हा अंक पूर्ण त्याच विषयाला देते आहे.

प्रश्न : माझ्याकडच्या एका जुन्या इंग्रजी कोशात नोंदींचे शब्द जाड, गोलसर, टोकांना गोळे असलेल्या अक्षरांत छापले आहेत. एका चित्रकार मित्राने सांगितलं की हे ‘क्लॅरेन्डन’. ही अक्षरं इतकी भारदस्त असूनही मायाळू का वाटतात? आणि ती मुळात केली कुणी?

तुमच्या मित्राची नजर चांगली आहे. आता कोश उघडा आणि छोट्या ‘आर’पासून सुरुवात करा. उभ्या दांड्यातून निघालेली फांदी एका भरीव गोळ्यात संपते. तोच गोळा छोट्या ‘सी’च्या वरच्या टोकाला दिसेल, ‘एफ’च्या वाकलेल्या माथ्याला दिसेल, ‘वाय’च्या शेपटीला दिसेल. मग मोठा ‘आर’ पाहा. त्याचा उजवा पाय ओळीवर टेकतो आणि तिथे न थांबता पुन्हा किंचित वर वळतो. या वळणाच्या प्रेमात पडायला मला हा एक पाय पुरेसा होता.

पण मायाळूपणाचं खरं कारण सेरिफच्या जोडात आहे. क्लॅरेन्डनची सेरिफ, म्हणजे दांड्याच्या टोकाची आडवी पट्टी, चांगली जाड असते आणि तिची टोकं चौकोनी कापलेली असतात. मात्र ती दांड्याला काटकोनात चिकटलेली नसते. दांडा खाली येताना रुंद होत जातो आणि वळण घेऊन पट्टीत मिसळतो. हा जोड काढून टाका, पट्टी सरळ काटकोनात बसवा, की तेच अक्षर ‘इजिप्शियन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुळात जातं. तिथे ते दणकट दिसतं, पण बोलायला कोरडं वाटतं. शिवाय क्लॅरेन्डनमध्ये जाड आणि बारीक रेषांमधला फरक माफक असतो. बारीक रेषाही अंगाने बऱ्यापैकी भरलेली असते, त्यामुळे अक्षर कुठेही तुटेल अशी धास्ती डोळ्याला वाटत नाही. भारदस्तपणा आला तो इथून.

आता कर्त्याविषयी. लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत, म्हणजे छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्यात, रॉबर्ट बेझली भागीदार होते. त्यांच्या देखरेखीखाली बेंजामिन फॉक्स या पंच, म्हणजे अक्षराचे पोलादी ठसे, कोरणाऱ्या कारागिराने हे वळण घडवलं आणि ते १८४५ मध्ये बाजारात आलं. ब्रिटनमध्ये १८४२ साली आकृतिबंधांच्या नोंदणीचा कायदा झाला होता. बेझलींनी त्याखाली क्लॅरेन्डनची नोंदणी केली. संरक्षण मिळालं ते अवघ्या तीन वर्षांचं. ती मुदत संपताच इतर फाउंड्र्यांनी आपापली क्लॅरेन्डनं ओतली, आणि म्हणूनच आज या नावाखाली एकमेकांशी पूर्ण न जुळणारी अनेक वळणं सापडतात. बेझली पुढे लंडनचे लॉर्ड मेयर झाले. फॉक्स यांचं नाव मात्र फार कमी जणांना ठाऊक असतं. पोलादात अक्षर कोरणारा हात त्यांचा होता, म्हणून त्यांचं नाव मी दरवेळी घेते.

१८४५ आधी जाड अक्षरं नव्हती असं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रॉबर्ट थॉर्न या खिळे ओतणाऱ्या व्यावसायिकाने अतिजाड वळणं आणली होती. त्यांचे दांडे अवाढव्य आणि बारीक रेषा केसासारख्या. ती जाहिरातपत्रकांसाठी, भिंतीवरच्या कागदांसाठी होती. पुस्तकाच्या ओळीत त्यांना बसवायचं म्हटलं तर आजूबाजूचा मजकूर चिरडून जायचा. त्या काळी मजकुरात एखादा शब्द वेगळा काढायचा तर इटॅलिक, छोट्या उंचीची कॅपिटलं किंवा जुन्या धाटणीची काळी गॉथिक अक्षरं एवढेच मार्ग होते. क्लॅरेन्डनने नवं केलं ते हे : साध्या रोमन अक्षरांच्या शेजारी, त्याच ओळीत, लहान पॉइंटात (अक्षराच्या आकाराचं माप) शांतपणे उभं राहील असं जाड अक्षर दिलं. ते किंचित अरुंद ठेवलेलं होतं, म्हणजे ओळीत जागाही फार खात नसे.

याचा उपयोग कोशकारांनी सर्वांत चांगला ओळखला. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश १८८४ पासून भागाभागाने छापला जाऊ लागला, तेव्हा त्यातले मुख्य शब्द क्लॅरेन्डनमध्ये जुळवले गेले. मी स्वतः आयुष्यातली बरीच वर्षं कोशांच्या जुळणीत घालवली आहेत, आधी खिळ्यांवर आणि नंतर पडद्यावर. त्या कामाने माझी एक ठाम समजूत करून दिली. ठळक अक्षर शोधणाऱ्या माणसासाठी असतं. कोश उघडणारा वाचत नाही, तो उतरायला जागा शोधत असतो. पानाच्या करड्या मजकुरात त्याची नजर वरून खाली सरकते आणि काळ्या शब्दावर थबकते. तो शब्द ओळखू आला की जाड अक्षराचं काम संपलं, तिथून पुढे साधं वळण त्याचा ताबा घेतं. या अंकातल्या बाकीच्या उत्तरांतही मी हीच कसोटी लावणार आहे : इथे कुणी काही शोधतं आहे का?

प्रश्न : संगणकावर ठळक करण्याचं बटण दाबलं की कोणतंही अक्षर जाड होतं. मग ठळक वळण वेगळं विकत घेण्याची गरज काय?

गरज आहे, आणि सेरिफ वळणांना तर नक्कीच आहे.

त्या वळणाचा खरा ठळक फॉन्ट तुमच्या यंत्रात असेल, तर बटण तो फॉन्ट उचलतं. सगळं ठीक. नसेल, तर संगणक साध्या अक्षराच्या कडेने सगळीकडून सारखी जाडी चढवतो, किंवा तेच अक्षर किंचित सरकवून पुन्हा उमटवतो. यात काय बिघडतं ते पाहण्यासाठी छोटा ‘ई’ मोठा करून बघा. त्याच्या वरच्या बंद पोकळीत आतूनही जाडी चढते आणि ती चिरेएवढी उरते. ‘ए’चं पोट भरतं. सेरिफची टोकं बोथट होतात. ‘एम’ आणि ‘एन’मध्ये कमान जिथे दांड्याला मिळते तिथे काळा डाग साचतो.

अक्षर घडवणारा माणूस हेच काम वेगळ्या हिशोबाने करतो. उभे दांडे तो भरपूर जाड करतो, आडव्या रेषा बेताने, कारण आडव्या रेषा वाढवल्या तर उंचीत जागाच उरत नाही. अक्षर रुंद करतो, म्हणजे पोकळी जिवंत राहते. कमान दांड्याला मिळते तिथे रेषा मुद्दाम बारीक करतो. खिळ्यांच्या छपाईत दाबाखाली शाई कडेने बाहेर सरकत असे. ते गृहीत धरून हे सांधे आणखी कोरले जात. ठळक अक्षर ही अशी नव्याने केलेली रचना आहे, तिला साध्या अक्षराच्या अंगावर चढवलेला कोट समजू नका.

खरं ठळक आहे की बनावट, हे ओळखायला फॉन्टच्या वजनांची, म्हणजे जाडीच्या पायऱ्यांची, यादी पाहा. साधं वळण ४००, ठळक ७०० आणि अतिजाड ९०० या आकड्यांनी ओळखलं जातं. यादीत फक्त ४०० असेल आणि पडद्यावर तरीही जाड अक्षर दिसत असेल, तर ते बनावट.

प्रश्न : मी संशोधन अहवाल लिहिते. सुरुवातीचा सारांश महत्त्वाचा असतो, म्हणून तो पूर्ण परिच्छेद ठळक टाइम्समध्ये ठेवते. मार्गदर्शकांना ते आवडत नाही. तुमचं मत?

मी तुमच्या मार्गदर्शकांच्या बाजूची आहे.

सारांश वाचणारा माणूस शोधत नसतो, तो सलग वाचत असतो. सलग वाचताना नजर अक्षरांच्या आतल्या आणि मधल्या पांढऱ्या जागेवर चालते, आणि जाड अक्षरात नेमकी तीच कमी असते. चार ओळी निभावतात. वीस ओळींत डोळा शिणतो आणि वाचक ओळ चुकतो. त्यात टाइम्सची स्वतःची एक अडचण आहे. हे वळण १९३२ मध्ये लंडनच्या एका दैनिकासाठी स्टॅन्ली मॉरिसन यांच्या मार्गदर्शनाखाली, व्हिक्टर लार्डेंट यांच्या रेखाटनांवरून तयार झालं. साध्या टाइम्समध्ये ‘ओ’चा जाडपणा किंचित कललेला आहे, ठळक टाइम्समध्ये तो सरळ उभा झाला आहे. दोघांचं नाव एक असलं तरी हात वेगळा आहे. मथळ्यात तो फरक खपून जातो, परिच्छेदात खटकतो.

सारांशाला मान द्यायचा असेल तर त्याला जागा द्या. दोन्ही बाजूंनी समास वाढवा, अक्षर अर्धा-एक पॉइंट मोठं करा, ओळींमधलं अंतर सैल करा. ठळक फक्त ‘सारांश’ या शीर्षकाला ठेवा. पानं चाळणाऱ्याला तेच हवं असतं.

प्रश्न : कूपर ब्लॅक, चेल्टनहॅम बोल्ड, सेंच्युरी बोल्ड, अल्ट्रा बोडोनी ही सगळी जाड सेरिफच आहेत ना? एकाऐवजी दुसरं वापरलं तर काय फरक पडतो?

खूप पडतो. ही भावंडं वाटतात, पण स्वभाव जुळत नाहीत.

कूपर ब्लॅक शिकागोच्या ऑझवल्ड कूपर यांनी १९२२ मध्ये केलं. त्याच्या सेरिफना कोपरेच नाहीत, सगळ्या कडा गोलावलेल्या आहेत, जणू अक्षर आतून फुगलं आहे. ते प्रेमळ आहे, मोठमोठ्याने हसणारं आहे, आणि त्याच कारणाने गंभीर सूचनेला निरुपयोगी आहे. लहान मुलांच्या पुस्तकाच्या नावाला, उत्सवी मथळ्याला वापरा. मात्र चोवीस पॉइंटांच्या खाली नेऊ नका.

अल्ट्रा बोडोनी हे मॉरिस फुलर बेंटन यांचं १९२८ चं काम, थॉर्न यांच्या अतिजाड कुळातलं. दांडा अक्षराचा बहुतेक भाग व्यापतो आणि शेजारची रेषा केसाएवढी. मोठ्या आकारात फार देखणं दिसतं. लहान केलं किंवा खडबडीत कागदावर छापलं की केस तुटतो आणि नुसते काळे ठोकळे उरतात.

चेल्टनहॅमची गोष्ट मला विशेष आवडते. त्याचा मूळ आराखडा बर्ट्रम गुडह्यू या वास्तुविशारदाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी केला. अक्षरांच्या वरच्या निम्म्या भागावरून आपण शब्द ओळखतो, या विचाराने वर जाणारे दांडे लांब आणि खाली उतरणारे आखूड ठेवले. खाली उतरणारे दांडे आखूड म्हणजे मथळ्याच्या दोन ओळी एकमेकींच्या अगदी जवळ बसवता येतात. वर्तमानपत्रांनी ठळक चेल्टनहॅम उचललं ते या गुणामुळेही. न्यूयॉर्क टाइम्सने २००३ मध्ये आपले मथळे मुख्यतः याच कुळात आणले, त्यासाठी मॅथ्यू कार्टर यांनी त्याची नवी रूपं घडवली.

सेंच्युरी हे क्लॅरेन्डनच्या सर्वांत जवळचं. तेच गोळे, तेच वळणदार जोड, पण अंगाने सडसडीत. मुळात ते १८९४ मध्ये लिन बॉइड बेंटन यांनी एका मासिकाच्या मजकुरासाठी केलं. त्या घराण्याची वाचनीयता इतकी मान्य आहे की अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय आपल्याकडे येणाऱ्या छापील निवेदनांसाठी सेंच्युरी कुळातलंच अक्षर, बारा पॉइंटांत, असा आग्रह धरतं. मजकूर आणि ठळक शीर्षकं एकाच घरातली हवी असतील, तर पहिली निवड सेंच्युरी.

आणि क्लॅरेन्डन? लहान आकारातही टिकेल, मोठ्या पाटीवरही शोभेल, विश्वासार्ह वाटेल आणि तरी आखडू दिसणार नाही असं एकच जाड सेरिफ निवडायला सांगितलं, तर मी तेच निवडीन.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयात विभागांच्या पाट्या करायच्या आहेत. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं. सेरिफ वापरली तर लांबून वाचता येतील का?

येतील. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या तपकिरी पाट्यांवर पांढऱ्या क्लॅरेन्डनने वर्षानुवर्षं वाटसरूंना वाट दाखवली आहे. ग्रंथालयात तर प्रत्येक जण काही ना काही शोधत आलेला असतो, त्यामुळे ठळक अक्षराची याहून योग्य जागा मला सुचत नाही.

काळजी मात्र घ्यायला हवी. गडद पाटीवरचं पांढरं अक्षर डोळ्याला मूळ मापापेक्षा जाड भासतं. पांढरा रंग कडेने पसरल्यासारखा दिसतो आणि ‘ई’, ‘ए’, ‘जी’च्या पोकळ्या आक्रसतात. म्हणून वजन एक पायरी कमी घ्या, म्हणजे अतिजाडऐवजी ठळक किंवा ठळकऐवजी मध्यम. अक्षरांमधलं अंतरही थोडं सैल करा. पूर्ण शब्द कॅपिटलांत लावू नका. फक्त पहिलं अक्षर मोठं ठेवलं तर शब्दाला वर-खाली जाणारी कड मिळते आणि लांबून तीच आधी ओळखू येते. ठरवण्यापूर्वी एक पाटी कागदावर खऱ्या मापात छापा, भिंतीला लावा आणि वाचक जिथून शिरतो त्या दारातून पाहा. पडद्यावर पाहून पाटी ठरवू नये.

प्रश्न : ‘हा माणूस हवा आहे’ अशा जुन्या अमेरिकी पत्रकांवर दिसतं ते क्लॅरेन्डनच का?

त्याचं चुलत भावंड. त्याला फ्रेंच क्लॅरेन्डन म्हणतात. त्यात वर-खालच्या आडव्या पट्ट्या उभ्या दांड्यांपेक्षा जाड असतात, त्यामुळे अक्षर डोक्याला आणि पायाला जड, मध्ये बारीक दिसतं. धातूची फार मोठी अक्षरं वजनदार आणि महाग पडत, म्हणून ती लाकडात कापली जात. डॅरियस वेल्स यांनी १८२७ मध्ये न्यूयॉर्कला लाकूड कापण्याची यंत्रपद्धत आणली आणि पुढे ही अक्षरं घाऊक तयार होऊ लागली. आज ते वापरलं की पाहणाऱ्याला घोडे आणि धूळ आठवणारच. तोच परिणाम हवा असेल तरच वापरा.

प्रश्न : आमच्या द्विभाषिक माहितीपत्रकात इंग्रजी शीर्षक क्लॅरेन्डनमध्ये आहे. शेजारी देवनागरी ठळक ठेवलं की ते एक तर जास्त काळं दिसतं, नाही तर फिकं. जुळवायचं कसं?

दांड्यांची जाडी मोजून जुळवायला जाल तर कधीच जुळणार नाही. देवनागरीत तेवढ्याच जागेत रेषा जास्त असतात : शिरोरेषा, काना, वेलांटी, गाठी, जोडाक्षरं. सारख्याच जाडीचा दांडा घेतला तर देवनागरीची ओळ जास्त काळी होते. तेव्हा जुळवायचा तो पानावरचा काळेपणा. दोन्ही शीर्षकं छापा, कागद उलटा धरा म्हणजे शब्द वाचले जाणार नाहीत, आणि डोळे बारीक करून पाहा. दोन्ही पट्टे सारखे करडे दिसले की झालं. बहुतेक वेळा देवनागरीचं वजन एक पायरी हलकं आणि आकार थोडा मोठा घ्यावा लागतो.

ठळक देवनागरी निवडताना दोन जागा तपासा. एक शिरोरेषा : ती उभ्या दांड्याएवढीच जाड केलेली असेल तर शब्दाच्या डोक्यावर काळी फळी ठेवल्यासारखी दिसते. दुसरी ‘क्ष’ आणि ‘ळ’ची पोटं : ती मोकळी असतील तर कर्त्याने मेहनत घेतली आहे. गोळेदार टोकांचं, गोलाईत भरलेलं देवनागरी वळण क्लॅरेन्डनशेजारी बरं बसतं. सगळीकडे एकाच जाडीची, कापलेल्या टोकांची वळणं परकी वाटतात.

प्रश्न : मोबाइलवर क्लॅरेन्डन चालतं का?

शीर्षकाला उत्तम. बटणांवरच्या बारीक शब्दांना नको. तिथे सेरिफ एकमेकींत अडकतात.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या नावात इंग्रजी कॅपिटल ‘एच’, ‘आय’, ‘एल’, ‘टी’, ‘ई’ अशीच अक्षरं आहेत. ठळक क्लॅरेन्डनमध्ये लावून पाहिलं, पण तुम्ही एका व्याख्यानात दाखवलं होतं तसं ते खुललं नाही. काय कमी पडतं आहे?

तुमच्याकडून काहीच कमी पडलेलं नाही, अक्षरंच तशी आली आहेत. क्लॅरेन्डनचा चेहरा गोलाईत आहे. ‘आर’चा पाय, ‘सी’ आणि ‘जी’ची वळणं, छोट्या ‘वाय’ची शेपटी ही त्याची ओळख. तुमच्या नावात सगळी सरळ अक्षरं आहेत. त्यांच्या जाड सेरिफ एकीला एक लागून वर आणि खाली दोन काळ्या पट्ट्या तयार होतात, आणि शब्दाऐवजी कुंपण दिसू लागतं.

आधी एवढं करून पाहा : पहिलं अक्षर मोठं ठेवून बाकीचं नाव छोट्या अक्षरांत लावा. छोट्या ‘टी’चा तळ वळतो, ‘ई’ गोल होतो, ‘एच’ला कमान मिळते. कॅपिटलंच हवी असतील तर अंतर बरंच वाढवा, सेरिफ एकमेकींपासून स्पष्ट सुट्या दिसतील एवढं. तरीही कुंपण राहिलं तर ठळक चेल्टनहॅमकडे वळा. त्याच्या सेरिफ आखूड आहेत, सरळ अक्षरांची रांग ते जास्त चांगली सांभाळतं. तिन्ही नमुने एकाच कागदावर छापून माझ्याकडे पाठवा, पुढच्या अंकाआधी पाहून कळवते.